विशेष काही नाही

वाचकाचं पत्र:

‘स. न. वि. वि.

माझं वय ५९. माहेर अक्कलकोटचं, सासर सोलापूरचं, बाळीवेशीत. यजमानांचा सुताचा व्यापार होता, आता मुलगा बघतो. एजंट लोक दर नव्या वर्षाला डायऱ्या आणून द्यायचे. घरात त्या कुणालाच नको असायच्या, म्हणून मी लिहायला लागले. १९८८ ते २०१६, मध्ये दोन-तीन वर्षं सोडून. महिन्याभरात आम्ही जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये राहायला जातोय. माळा आवरताना सगळ्या डायऱ्या खाली काढल्या आणि आठवडाभर रात्री वाचत बसले. फार उदास वाटलं. पानोपानी तेच. पाणी आलं, पाणी आलं नाही. किती भाकऱ्या केल्या. कोण आलं, कोण गेलं. काही सुचलं नाही की ‘विशेष काही नाही’. किल्लारीचा भूकंप झाला त्या दिवशी मी दीड ओळ लिहिलीय आणि पुढे चार ओळी धुण्यावर! नणंदेबद्दल जे लिहिलंय ते वाचून माझीच मला लाज वाटली. एवढी वर्षं गेली आणि त्यात गोष्ट म्हणून काही नाहीच. रविवारी रद्दीवाला यायचाय.

दुसरं. मुलीने टीव्हीवर काय काय चालू करून दिलंय, तेव्हापासून मला ज्यात फारसं काही घडत नाही असे सिनेमे आवडायला लागलेत. ‘पाथेर पांचाली’ दोनदा बघितला. यजमान म्हणतात, “पिक्चर संपला म्हणतेस, पण सुरू कधी झाला?” सगळे हसतात. काय गोष्ट होती विचारलं तर मला सांगता येत नाही. माझं काही बिघडलंय का? असे आणखी सिनेमे असतील तर सुचवा. डायरीच्या चार पानांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.

— एक वाचक, सोलापूर’

ताई,

रद्दीवाल्याला वर्तमानपत्रं द्या, बाटल्या द्या, दुकानाच्या जुन्या पावत्या यजमानांना विचारून द्या. डायऱ्या देऊ नका. हे आधी लिहिते, कारण हे सदर शनिवारी छापून येतं आणि तुमचा माणूस रविवारी येतो. रद्दीचं पुढे काय होतं हे काही मी तुम्हाला सांगायला नको. महिन्याभरात तुमची नणंद शेंगदाण्याच्या पुडीवरून पार्क चौकात पोचेल.

आता निवांत बोलू.

सिनेमाचं तुम्ही ‘दुसरं’ म्हणून खाली लिहिलंत. मला तेच पहिलं वाटतं. ‘पाथेर पांचाली’तली अपू आणि दुर्गा ही भावंडं मिठाईवाल्याच्या मागे मागे जातात, म्हातारी आत्या रुसून गाठोडं घेऊन निघते आणि परत येते, तळ्यावर पाऊस येतो, हे सगळं तुम्ही दोनदा मन लावून बघितलंत. तिथे ‘गोष्ट कुठाय?’ असं तुम्ही विचारलं नाहीत. स्वतःच्या घराची पानं उलटताना मात्र पहिल्या रात्रीपासून तोच प्रश्न. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या कादंबरीवरून सत्यजित राय यांनी तो सिनेमा केला, १९५५ साली आला. कादंबरीतली पुष्कळ पात्रं त्यांनी गाळली, पण तिचं भरकटणं मुद्दाम ठेवलं. गरीब बंगाली खेड्यातलं जगणंच तसं भरकटत चालतं, त्यामुळे पटकथेतही ते हवं, नाहीतर खरेपणा जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. खेड्याच्या जागी बाळीवेस घाला आणि बघा पटतं का.

आयुष्याची एक गोष्ट व्हायला हवी हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं? माझा संशय एकसष्टीच्या गौरवग्रंथांवर आहे. बालपणी हलाखी, तरुणपणी संघर्ष, मग एक वळण, मग यश, शेवटी नातवंडांसोबत फोटो. मी असे कितीतरी वाचलेत आणि एकातही कुणाच्या घरी पाणी किती दिवसांनी येत होतं याचा पत्ता लागत नाही. सोलापुरात राहून हा तपशील गाळायचा म्हणजे कमालच! तुमच्या डायऱ्यांत तो रोजचा आहे. उद्या कुणाला या गावातल्या बायकांचा दिवस कशाभोवती फिरत होता हे शोधायचं झालं तर त्याला गौरवग्रंथ उपयोगी पडणार नाहीत.

यजमानांना उत्तर द्यायचं असेल तर एवढंच सांगा: आपण गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, जातो तेव्हा होम मैदानावर शिरताना कुणी विचारतं का, की पुढे काय होणार? पाळणे बघतो, बांगड्यांपाशी रेंगाळतो, कुणी ओळखीचं भेटतं, पाय दुखले की घरी येतो. ‘काय झालं गड्ड्यात?’ असं घरी कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटतं. काही सिनेमे असे असतात.

मात्र सगळेच नसतात. सैल सिनेमा म्हणजे चांगला सिनेमा, असं समजू नका. खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसावर चार मिनिटं कॅमेरा ठेवून दिग्दर्शक चहाला गेलाय असं वाटावं, असेही पुष्कळ आहेत आणि त्यांना बक्षिसंही मिळतात. मी एक साधी परीक्षा घेते. मधला एखादा निवांत प्रसंग मनातल्या मनात काढून टाकायचा. पुढचं काही उणं झालं तर तो सिनेमा सैल असूनही कुणीतरी नीट केलेला आहे. काहीच फरक पडला नाही तर उठून कुकर लावायला हरकत नाही. ‘पाथेर पांचाली’तून म्हाताऱ्या आत्याचं ते जाणं-येणं काढून बघा. मग ती शेवटची परत येते तेव्हा सर्वजया, म्हणजे मुलांची आई, तिच्याशी जशी वागते, ते इतकं लागणार नाही.

याचं टोकाचं उदाहरण ‘जान दिएलमान’ (Jeanne Dielman) हा बेल्जियन सिनेमा आहे. शांताल आकेरमान नावाच्या दिग्दर्शिकेने तो १९७५ साली केला, तेव्हा ती पंचविशीत होती. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा आणि घरातले तीन दिवस. सव्वातीन तासांहून जास्त लांबीचा. ती बाई अंथरुणं आवरते, भांडी घासते, बटाटे सोलते, आणि हे सगळं आपण जवळजवळ पूर्ण बघतो. पहिल्या दिवशी सगळं घड्याळाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. बस. पण आदल्या दिवशी आपण तेच काम नीट होताना पाहिलेलं असतं, त्यामुळे हातात पातेलं घेऊन ती बाई स्वयंपाकघरातून बाहेर येते तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो. २०२२ साली ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाने जगभरच्या समीक्षकांना आजवरचे सर्वोत्तम सिनेमे विचारले, तेव्हा हा सिनेमा पहिला आला. बाईने केलेला सिनेमा त्या यादीत पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. शेवट मी सांगणार नाही, पण ‘काही घडत नाही’ असं त्याच्याबद्दल कुणी म्हणणार नाही.

बटाट्यांचं एवढं पुराण लावलं ते तुमच्या झेरॉक्समुळे.

चारपैकी एका कागदावर समोरासमोरची दोन पानं आहेत. डावीकडच्या पानावर ‘अकरा भाकऱ्या’. खाली पाणी आल्याची नोंद, भाजीचा भाव. उजवीकडच्या पानावर ‘आठ भाकऱ्या’. खाली पुन्हा पाणी, पुन्हा भाव. मध्ये एक अक्षर नाही. ताई, त्या तीन भाकऱ्या कुणाच्या? कोण गेलं, कोण शिकायला पुण्याला गेलं, का कुणी रागावून जेवलं नाही? मला ते कळायची सोय नाही, तुम्हाला आहे. आकडा कमी झाला हे तुमच्या हाताने टिपलं, कारण तुमच्या हाताला ते आधी कळलं होतं. पिठाच्या परातीला माणसं मोजता येतात. तुम्ही आठ रात्री वाचलंत ते गोष्ट शोधत वाचलंत, त्यामुळे हा आकडा डोळ्यांखालून निसटला.

आता भूकंपाचं पान. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरा बसला. किल्लारी, सास्तूर ही नावं तोवर आपल्यापैकी कितीजणांनी ऐकली होती? तुमची दीड ओळ अशी: ‘पहाटे भांडी पडली. सगळे रस्त्यावर. देवाची कृपा, आपल्याकडे सगळे नीट.’ आणि मग धुणं: ‘सगळ्यांच्या चादरी मातीने भरल्या. पाणी कालचंच. आधी सासूबाईंची धुतली, मुलांच्या झटकून ठेवल्या. वाळतील की नाही, रात्री पुन्हा बाहेर लागणार.’

तुम्ही लिहिलंय की भूकंपाला दीड ओळ आणि धुण्याला चार. मला तर सगळ्याच ओळी भूकंपाच्या दिसतात. चादरी मातीने का भरल्या? पहाटेपासून अख्खं घर रस्त्यावर त्या अंथरून बसलं होतं म्हणून. रात्री पुन्हा बाहेर का लागणार? घरात झोपायची कुणाची छाती नव्हती म्हणून. सासूबाईंची आधी धुतली, मुलांच्या झटकल्या, कारण साठवलेलं पाणी तेवढंच होतं. त्या दिवसाबद्दल हजार लेख छापून आलेत. जमिनीच्या हादऱ्याचं कारण, मेलेल्या हजारो माणसांचे आकडे, पुनर्वसनाची गावं, सगळं त्यांत आहे. पण शंभरेक किलोमीटरवरच्या एका घरातल्या सुनेने त्या दिवशी पाणी कसं पुरवलं, हे फक्त तुमच्याकडे आहे. आणि तुम्ही ते किलोवर घालायला निघाला होतात.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फनेही १९१९च्या जानेवारीत आपली आधीच्या वर्षाची डायरी काढून वाचली होती. तिलाही आधी तिच्यातला गबाळेपणाच टोचला. घाईत खरडलेलं, खडबडत गेलेलं. पण पुढे तिने लिहून ठेवलं की थांबून, विचार करून लिहिलं असतं तर जे गाळलं गेलं असतं तेच या घाईत आत आलंय, आणि केरातले हिरे तेच आहेत. ती एवढी मोठी लेखिका होती, म्हणून तिला ते वर्षभरात दिसलं. आपल्याला तीस वर्षांनी दिसलं तरी चालेल.

उदास वाटण्याबद्दल एक सांगते. डायरी रात्री लिहिली जाते. दिवसभराचं उरलेलं, न बोललेलं तिच्यात पडतं. नणंद माहेरपणाला आली आणि तुम्ही दोघी गच्चीवर बोलत बसलात, त्या रात्री तुम्ही लिहायला बसला असाल का? नाही. ती निघताना काहीतरी टोचून बोलली, त्या रात्री मात्र बसलात. म्हणून डायरीतली नणंद खऱ्या नणंदेपेक्षा वाईट आहे, आणि डायरीतल्या तुम्ही खऱ्या तुमच्यापेक्षा जास्त कुरकुरणाऱ्या आहात. वाचताना एवढी सूट दोघींना द्या. तरीही एखादं पान नकोच असेल तर फाडा. तुमचं आहे, तुमचा हक्क आहे. फक्त घर हलवण्याच्या गडबडीत फाडू नका. त्या आठवड्यात माणसाला सगळंच फेकावंसं वाटतं. आणि खोडून, नव्याने गोड करून लिहू नका. ॲन फ्रँकने १९४४मध्ये आपली डायरी पुन्हा लिहायला घेतली होती. युद्धानंतर अशा डायऱ्या जमा केल्या जातील असं तिने रेडिओवर ऐकलं होतं. पण नवं लेखन तिने वेगळ्या सुट्या कागदांवर केलं, जुनी वही तशीच ठेवली. तुम्हालाही काही म्हणायचं असेल तर ते वेगळ्या वहीत.

झेरॉक्सच्या एका कागदावरच्या कन्नडमधल्या ओळी मी वाचल्या नाहीत. येत नाही म्हणून नव्हे. आपल्या गावात थोडं कन्नड आणि थोडं तेलुगू कुणाला येत नाही? पण मराठी चालू असताना मध्येच लिपी बदलून तुम्ही पाच ओळी लिहिल्यात, म्हणजे घरातल्या कुणी ते वाचू नये अशी तुमची इच्छा होती. झेरॉक्स काढताना बहुधा ते लक्षात राहिलं नाही. तो कागद पाकिटात घालून तुमच्याकडे परत पाठवते आहे.

आता वाचायचं कसं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचू नका, त्याने पुन्हा तसंच उदास वाटेल. विलेम वाखेनार नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं स्वतःच्या आयुष्यातल्या २४०० घटना लिहून ठेवल्या. प्रत्येकीत काय झालं, कोण होतं, कुठे, कधी. मग स्वतःचीच परीक्षा घेतली. ‘काय’ सांगितलं की त्याला सगळ्यात चांगलं आठवायचं. नुसती तारीख सांगितली तर जवळजवळ काहीच नाही. १९८६ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. तेव्हा तारखेच्या मागे न जाता एखादी वस्तू, एखादा प्रसंग धरा आणि तो सगळ्या वर्षांतून आडवा वाचत जा.

तुमच्यासाठी गड्ड्याचा आठवडा सगळ्यात सोपा, कारण संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, त्यामुळे पान शोधावं लागत नाही. १९८८चं ते पान काढा, मग ८९, मग ९०. यण्णीमज्जन (तेलाचा अभिषेक), अक्षता, होम; सिद्धेश्वरांच्या यात्रेचा क्रम दरवर्षी तोच. नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, त्याच सात. अक्षता पडल्या तेव्हा तुमच्या शेजारी कोण उभं होतं, कडेवर कोण होतं, कोणत्या वर्षी मुलगा ‘मी मित्रांबरोबर जाणार’ म्हणाला, कोणत्या वर्षी सासूबाई घरीच राहिल्या आणि नंदीध्वज दारावरून गेल्यावर हात जोडले, ते बघा. क्रम स्थिर आहे म्हणून माणसं हलताना दिसतात. बटाट्यांचं गणित तेच. मग हवं तर भाकऱ्यांचे आकडे घ्या. मग पाणी.

आणि ‘विशेष काही नाही’वाले दिवस वगळू नका. अमेरिकेत टिंग झांग आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली याच विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांनी साध्यासुध्या दिवसाबद्दल लिहिलं आणि काही महिन्यांनी ते वाचलं. वाचताना आपल्याला किती मजा येईल याचा अंदाज लोकांनी आधी फारच कमी केला होता, आणि तो खास दिवसांपेक्षा साध्या दिवसांच्या बाबतीत जास्त चुकला. तुमच्याकडे तर काही महिने नाही, तीन दशकं मध्ये आहेत. त्या तीन शब्दांच्या वर-खाली बघा: शाई कोणती, अक्षर घाईचं की निवांत, मागे-पुढे काय आहे. तुम्ही पाठवलेल्या चौथ्या पानावर ‘विशेष काही नाही’च्या खाली पेन्सिलीने लहान मुलाने काढलेलं ट्रकचं चित्र आहे. ते तुम्ही पत्रात लिहिलंच नाहीत.

ठेवण्याचं थोडक्यात: पत्र्याची ट्रंक, भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून जरा वर, वाळवी लागू नये म्हणून. आत डांबरगोळ्या, पण कागदाला चिकटून नकोत. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका. आपल्या उन्हाळ्यात कागद तसाच कडक होतो, त्यामुळे नव्या फ्लॅटच्या वरच्या लॉफ्टपेक्षा पलंगाखालची जागा बरी. निवडक पानांचे फोटो मुलीला मोबाइलवर काढायला सांगा, कन्नडची सोडून.

यजमानांना बदलायच्या फंदात पडू नका. सोलापूर हे तेलुगू सिनेमा थेटरात मूळ भाषेत बघणारं गाव आहे. घट्ट कथानक, वेळेवर मध्यंतर, शेवटी हिशेब चुकता, यात कारागिरी असते आणि ती त्यांना कळते. कळणाऱ्या माणसाची ‘सुरू कधी झाला?’ ही तक्रार रास्त आहे. त्यांना सिनेमा दाखवण्यापेक्षा ३० सप्टेंबरचं पान मोठ्याने वाचून दाखवा. ते म्हणतील, ‘असं नव्हतं, आईची नव्हे, माझी चादर आधी धुतलीस.’ मग तासभर टीव्ही लागणार नाही.

सिनेमे विचारलेत ते आता. मराठीत उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’ आणि अविनाश अरुणचा ‘किल्ला’. दोन्हींत मुलं आहेत आणि दोन्हींत ती आतून मोठी होतात, बाहेरून फारसं काही दिसत नाही. ‘विहीर’ रात्री एकटीने बघू नका, जड आहे. आसामी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ रीमा दास या बाईंनी आपल्याच गावात, लेखनापासून कॅमेऱ्यापर्यंत बरंचसं स्वतःच करून २०१७ साली पुरा केला. गिटार हवी असलेली एक मुलगी, तिची आई आणि दरवर्षी येणारा पूर. हा आधी बघा. जपानी ओझूचा ‘टोक्यो स्टोरी’ १९५३चा: म्हातारे आई-वडील शहरातल्या मुलांकडे जातात, मुलांना वेळ नसतो. हा यजमानांनाही आवडेल असं मला वाटतं.

बेल्जियमच्या बाईचा सिनेमा सापडला तर जेवणं उरकून, दाराला आतून कडी लावून बसा, आणि नातवंडांना नको, त्यात मोठ्यांचे प्रसंग आहेत. दोन बैठकींत बघितलात तरी कुणी विचारणार नाही. फक्त बटाट्यांच्या आधी थांबू नका.